शाळेतली खिचडी मुलं टाकतात? आधी डाळ आणि भाजी वजन करून बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, शाळा पहिली ते पाचवी, पट ६०. तुम्ही नुकत्याच शाळा व्यवस्थापन समितीवर आलात. मुलं खिचडी अर्धी टाकतात आणि फाटकासमोरच्या दुकानातून पाच रुपयांची पाकिटं घेतात. तुम्ही विचारलंय की नियम नक्की काय आहेत, समितीने काय करावं आणि तोवर मुलीला घरून डबा द्यावा का. मी आहारशास्त्र शिकले आणि गेली बावीस वर्षं शाळांच्या स्वयंपाकघरांतच काम करते आहे. स्वयंपाक करणाऱ्या बायकांची प्रशिक्षणं घेते, शाळांची तपासणी करते. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की दुपारचं जेवण हा तुमच्या मुलीचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. १९९५ मध्ये केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला धान्य घरी मिळायचं. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना सुटीचे दिवस सोडून रोज एक मोफत जेवण हे कायद्यातच लिहिलं. २०१५ च्या नियमांत तर असं आहे की धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण झालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून मुलाला द्यायचा. २०२१ पासून योजनेला पीएम पोषण म्हणतात. आपण सगळे अजून ‘शालेय पोषण आहार’च म्हणतो, गावात तर नुसतं ‘खिचडी’.

आता प्रमाण. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हे सगळं दीडपट. सगळी वजनं कच्च्या मालाची. यातून लहान मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तुमच्या शाळेत साठही मुलं हजर असतील त्या दिवशी सहा किलो तांदूळ, एक किलो दोनशे ग्रॅम डाळ, तीन किलो भाजी आणि तीनशे ग्रॅम तेल लागलं पाहिजे. हे चार आकडे कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवा. हजेरीप्रमाणे ते कमी होतील, पण कशाचं किती हे डोळ्यासमोर राहील.

त्यातही तांदळाची काळजी करू नका. तांदूळ सहसा पुरतो. मुलं जेवण टाकतात त्याचं मूळ मला बहुतेक वेळा डाळ आणि भाजीत सापडलंय. १०० ग्रॅम तांदळातूनच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी येतात. डाळ निम्मी पडली तरी कॅलरीचा आकडा फारसा हलत नाही, पोट भरल्यासारखं दिसतं आणि तपासणीलाही काही खटकत नाही. पण प्रथिनं बारावरून दहाच्या खाली येतात आणि जी उरतात त्यातली बरीचशी भाताची. भाताच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळ भरून काढते, म्हणून तर आपल्याकडे वरण-भात एकत्र खातात. डाळ कमी पडली की खिचडी कोरडी आणि बेचव होते, घास गिळायला पाणी लागतं. ते मुलाला लगेच कळतं. पोषणाची तूट आणि चवीची तूट एकाच ठिकाणी असते, म्हणून बाहेर टाकलेली खिचडी मी कधी ‘मुलांचे नखरे’ म्हणून सोडून देत नाही.

मराठवाड्यातल्या एका शाळेतली गोष्ट सांगते. पट तुमच्यासारखाच, साठ. खिचडी पांढरीफटक. गावात सरळ कुजबूज होती की डाळ घरी जाते. मी सकाळी साडेनऊला जाऊन चुलीपाशी बसले. मावशींनी तांदूळ वजन करून घेतला आणि डाळ मात्र स्टीलच्या पेल्याने मोजली, तीन पेले. मी तीन पेले डाळ काट्यावर टाकली. सहाशे ग्रॅम. मी विचारलं, ‘मावशी, तीनच का?’ त्या म्हणाल्या, ‘आधीच्या बाईनं जाताना सांगितलं, तीन पेले टाक. पेलाही तिचाच हाये.’ जुन्या नोंदवह्या काढल्या तेव्हा उलगडा झाला. ती आधीची बाई होती तेव्हा शाळेचा पट तीस होता. पट दुप्पट झाला, तांदूळ वाढला कारण तो रजिस्टरात लिहावा लागतो, पण पेला तोच राहिला. डाळ कोणी नेली नव्हती, साठ्यात ती शिल्लकच होती, कागदावरच्या हिशोबापेक्षा जास्त. आम्ही एका डब्यात मोजून एक किलो दोनशे ग्रॅम डाळ भरली आणि जिथपर्यंत आली तिथे बाहेरून नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. दुसरी रेघ पंचेचाळीस मुलांची. आठवड्याभरात खिचडी पिवळी दिसू लागली. तेव्हापासून माझ्या पिशवीत लहान काटा आणि नेलपॉलिशची बाटली असतेच.

तेव्हा समितीच्या बैठकीत पहिला ठराव काट्याचा करा. दहा किलोपर्यंतचा साधा काटा पुरतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, म्हणजे तुमच्यासोबत आणखी आया आहेत. आठवड्यातून एकदा, न सांगता, एकीने स्वयंपाकाच्या वेळी जायचं, डाळ-भाजीचं वजन बघायचं, तिथेच वहीत लिहायचं. पोलिसासारखं जायचं नाही, भाजी निवडायला हात लावायचा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला केंद्राच्या योजनेत महिन्याला हजार रुपये मानधन धरलेलं आहे, २००९ पासून तेवढंच. राज्याने स्वतःची भर घालून आपल्याकडे ते २०२३ मध्ये अडीच हजारांवर नेलं. एवढ्या पैशांत ती धूर खात साठ मुलांचं रांधते. तिला शत्रू करून ही योजना सुधारल्याचं मी एकाही गावात पाहिलेलं नाही.

दुसरं काम टाकलेल्या अन्नाच्या बादलीचं. जेवण झाल्यावर मुलं ताटं जिथे झाडतात तिथे उभ्या राहा आणि नुसतं बघा. सगळी खिचडी टाकलेली असेल तर चवीचा किंवा शिजण्याचा दोष. फक्त भाजीचे तुकडे दिसले तर कापण्याचा दोष. लहान मुलं दोडक्याची मोठी फोड, अख्खी मिरची, टोमॅटोची सालं वेचून काढतात आणि त्याबरोबर मूठभर भातही जातो. दुधी, गाजर, भोपळा किसून डाळीत शिजवला की बादलीत काही दिसत नाही. डाळ तांदळाबरोबरच टाकली तर ती अर्धी कच्ची राहते, म्हणून ती अर्धा तास भिजवून आधी शिजायला ठेवायची, भाजी त्यात, तांदूळ शेवटी. मटकीची उसळ असेल त्या दिवशी वरून लिंबू पिळलं तर कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं, आणि आपल्याकडे पोरांनाही चहा देतात, हे आयांना सांगायला हवं.

भाजीचं दुखणं पैशाचं आहे, हे मी मान्य करते. १ मे २०२५ पासूनच्या दराप्रमाणे तांदूळ सोडून डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन हे सगळं मिळून लहान मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आहेत, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. साठ मुलांचे चारशे सात रुपये होतात. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला ठेकेदाराकडून येतो आणि शाळेच्या हाती फक्त इंधन-भाजीपाल्याचा भाग लागतो, तोही बऱ्याचदा उशिरा. मुख्याध्यापक खिशातून किंवा उधारीवर चालवतात. अशा वेळी तीन किलोच्या जागी चार टोमॅटो आणि दोन कांदे पडतात. म्हणून परसबाग कागदावर ठेवू नका. कुंपणाला शेवग्याची चार झाडं लावली तर वर्षभर पाला मिळतो, दोन-तीन मुठी कोवळा पाला डाळीत गेला तरी लोह आणि कॅल्शियम वाढतं, चवही बिघडत नाही. भोपळ्याचा वेल शाळेच्या छपरावर चढवा. हात धुतलेलं पाणी पाटाने तिकडे वळवा. ज्यांच्या शेतात भाजी आहे त्यांना आठवड्याचा एक वार वाटून द्या. नुसतं ‘मदत करा’ म्हटलं तर कोणी येत नाही, ‘बुधवारची गवार तुमची’ म्हटलं की येते.

अंड्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बैठकीत निघेलच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ असा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या असं झालं. माझ्या मते हे चुकलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, शिवाय बी-१२ आणि अ जीवनसत्त्व, आणि अंड्यात भेसळ होत नाही, ते पातळ करता येत नाही. मुलाच्या हातात गेलं की त्याचंच. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिथे ते कोणी खैरात समजत नाही. केळं चांगलं फळ आहे, पण त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, त्यामुळे अंड्याला पर्याय म्हणून ते मला कधीच पटलं नाही. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या. तीस ग्रॅम शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. दाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, बुरशीचे किंवा कडू लागणारे बाजूला काढा, ते विषारी असू शकतात. गावात वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध असतंच. त्या घरांना स्नेहभोजनाच्या दिवशी बुंदी-जिलबीऐवजी पन्नासेक अंडी आणि दहा-बारा लाडू द्यायला सांगा.

‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आल्याची तक्रारही तुमच्याकडे येईल. तो प्लॅस्टिकचा नाही. शाळेच्या तांदळात गेली काही वर्षं दर शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणयुक्त मिसळलेला येत आलाय. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून यंत्राने तो दाण्याच्या आकाराचा बनवतात. रंगाला जरा वेगळा दिसतो, पाण्यात कधी वर येतो, म्हणून पाखडताना बायका तो वेचून फेकतात. मी एका शाळेत अशा दाण्यांची छोटी वाटी भरलेली बघितली, मावशींनी मोठ्या काळजीने निवडून ठेवली होती. त्यांना शांतपणे सांगा की तोच दाणा ठेवायचा, आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुवायचा नाही. पालकांसमोर मूठभर दाणे शिजवून बोटांनी कुस्करून दाखवा. माझ्या अनुभवात शंका त्यानेच फिटते.

सुरक्षिततेवर मात्र काहीही तडजोड नको. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. आपल्या कापसाच्या आणि फळबागांच्या गावांत हेच औषध ओळखीचं आहे आणि औषधाचे रिकामे कॅन धुऊन घरोघर वापरले जातात. शाळेत तेल मूळ बंद पाकिटातूनच यावं, कोणाच्या कॅनमध्ये ओतून आणलेलं परत पाठवा, मग त्या दिवशी जेवणाला उशीर झाला तरी चालेल. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि नोंद करायची असते. ती सही आठवड्याची एकदम होत असेल तर समितीने स्पष्ट बोलावं. वास वेगळा आला, तेलाचा धूर वेगळा वाटला, तर स्वयंपाक थांबवण्याचा अधिकार चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला आहे, हे मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर तिला सांगावं. धान्याचे कट्टे भिंतीपासून हातभर लांब, फळीवर, जुना आधी वापरायचा. आलेला कट्टा मोजून घ्यायचा, आणि माल खराब असेल तर पोच द्यायचीच नाही, नोंद करून परत करायचा.

आता फाटकासमोरचं दुकान. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात विकता येत नाहीत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही नाहीत. आपल्या राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ २०१७ मध्येच काढायला सांगितले होते. तंबाखूचा वेगळा कायदा शाळेपासून १०० यार्डांचा आहे आणि तो बहुतेकांना माहीत असतो, ५० मीटरचा मात्र फार कमी लोकांना. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाची, पण त्यांचा माणूस तुमच्या गावात कधी पोचेल सांगता येत नाही. आणि दुकानदार तुमच्याच भावकीतला असणार. मी अशा ठिकाणी नियमाचा कागद शेवटी काढते. आधी त्याला इतकंच विचारा की पाकिटांच्या माळा दारातून काढून आत ठेवशील का आणि त्या जागी फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, पेरू, बोरं, केळी लावशील का. मधल्या सुट्टीत गोळी-पाकीट नको, शाळा सुटल्यावर आई सोबत असेल तर बघ. त्याची विक्री बुडत नाही हे त्याला पंधरा दिवसांत कळतं, कारण मुलाच्या हातात पाच रुपये असतात आणि ते कशावर तरी जाणारच असतात.

ते पाच रुपये मला सगळ्यात जास्त सलतात. सरकार एका मुलाच्या डाळ-भाजी-तेलासाठी ६ रुपये ७८ पैसे धरतं आणि घरातून मूल रोज जवळजवळ तेवढेच पैसे मीठ, तेल आणि मैद्यावर घालतं. पालकांच्या सभेत एकदा पाकीट फोडून त्यातला माल वाटीत काढा आणि शेजारी पाच रुपयांचे फुटाणे ठेवा. दोनशे मिलिलीटर रंगीत सरबताच्या बाटलीशेजारी पाच चमचे साखर काढून ठेवा, साधारण तेवढी त्यात असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) त्यांच्या शाळांना साखरेचे फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. आपली शाळा त्या मंडळाची नसली म्हणून काही बिघडत नाही, खडू आणि फळा आपल्याकडेही आहे.

तक्रार करायची वेळ आलीच तर क्रम सोडू नका. आधी मुख्याध्यापक, मग समितीचा लेखी ठराव, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले पोषण आहाराचे अधीक्षक. सोबत तुमची वजनाची वही जोडा, तारखेसह. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकून सुरुवात करू नका. एका गावात किडलेल्या डाळीचा व्हिडिओ फिरला, चौकशी झाली, आणि काम गेलं ते फक्त स्वयंपाक करणाऱ्या विधवा बाईचं. डाळ आलीच तशी होती, पावतीवर तिची सही नव्हती, तिला विचारलंही नाही कोणी. ती बाई माझ्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसायची. तो प्रसंग मी विसरू शकत नाही, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते.

शेवटी डब्याचं. मुलीला डबा देऊ नका असं मी सांगेन, निदान हे तीन महिने. समितीतल्या बाईची मुलगी वेगळा डबा घेऊन बसली की पंगतीतली बाकीची मुलं खिचडीकडे त्याच नजरेने बघू लागतात, आणि घरी येऊन ‘आज डाळ नव्हती’ हे सांगणारं तुमचं माणूसही पंगतीतून उठतं. त्याऐवजी तिला सकाळी उपाशी पाठवू नका. चहा-बिस्किटावर निघालेलं मूल अकरापर्यंत मलूल होतं आणि दीडच्या जेवणात भूक मेलेली असते. रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, नाहीतर नाचणीची आंबील, नाहीतर भाकरीला शेंगदाण्याची चटणी, एवढं पुरे. आणि ती घरी आली की ‘जेवलीस का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘खिचडी कुठल्या रंगाची होती, भाजी कुठली होती?’ असं विचारा. तिसरीतली मुलं याचं अगदी अचूक उत्तर देतात.